डोस कामगाराच्या अंगात, कागद मालकाच्या कपाटात!

मागे एका वस्तीतल्या बुद्धविहारात कार्यकर्त्यांची बैठक होती. बैठक संपता संपता पन्नाशी ओलांडलेला एक माणूस प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आमच्यापाशी आला. "जयभीम साहेब, जरा कागद बघता का?" म्हणाला. पिशवीत चार-पाच जुने गेटपास, ठेकेदाराच्या हजेरीची पुसट झालेली कार्बन कॉपी, रेशनकार्डाची झेरॉक्स आणि रुग्णालयाची जाडजूड फाईल होती. हा माणूस पंधरा-सोळा वर्षे ठेकेदारांच्या हाताखाली राबला. आधी एका मोठ्या प्रकल्पाच्या शटडाऊनच्या कामावर आणि मग पाइपांची वेल्डिंग किरणोत्सर्गी सोर्सने तपासणाऱ्या एका कंपनीत हेल्पर म्हणून. छातीवर बिल्ला लावून काम करायचा. आता रक्ताचा आजार झालाय. डॉक्टरांनी विचारले, "एकूण डोस किती लागला होता?" याला काय ठाऊक? बिल्ला दर तीन महिन्यांनी कुणीतरी घेऊन जायचे आणि दुसरा द्यायचे. त्या बिल्ल्यावर काय उमटले, ते त्याला कुणी कधी सांगितले नाही.

ठेकेदार म्हणाला, कागद कंपनीत. कंपनी म्हणाली, ठेकेदाराला विचारा. शेवटी कुणा पोराने त्याला माहिती अधिकाराचा अर्ज लिहून दिला. त्याचे उत्तर त्या पिशवीत होते. 'सदर माहिती वैयक्तिक स्वरूपाची असल्याने देता येत नाही.'

वाचकहो, कुणाची वैयक्तिक माहिती? अर्जदाराची स्वतःचीच! ज्याच्या हाडामांसात तो किरण गेला, त्याच्यापासूनच त्याचा आकडा लपवायचा आणि वर त्यालाच सांगायचे की आम्ही तुझी गोपनीयता जपतो आहोत! त्याचा आजार किरणोत्सर्गानेच झाला, असा दावा आम्ही करीत नाही. तो दावा करायला किंवा खोडायला जो कागद लागतो, तो त्याच्या हातात नाही एवढेच आमचे म्हणणे आहे. आजचा आमचा विषय तो कागद हाच आहे.

बिल्ला काय सांगतो?

किरणोत्सर्ग दिसत नाही, त्याला वास नाही, तो चटकन भाजतही नाही. म्हणून कामगाराच्या छातीवर टीएलडी बॅज लावतात. त्याच्या आत एका पट्टीवर तीन लहान चकत्या असतात. किरण पडले की त्या चकत्या ती ऊर्जा साठवून ठेवतात. प्रयोगशाळेत त्या तापवल्या की त्यांतून प्रकाश निघतो. तो प्रकाश मोजला की डोस कळतो. अणुवीज केंद्रात हा हिशेब महिन्याला होतो, तर रुग्णालये आणि कारखान्यांत तीन महिन्यांनी. हे आकडे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या राष्ट्रीय डोस नोंदवहीत जमा होतात. म्हणजे नोंद ठेवली जात नाही, असे नाही. नोंद आहे, पण ती कुणाची?

मर्यादाही ठरलेल्या आहेत. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमाने कामगाराला सलग पाच वर्षांत १०० मिलिसीव्हर्टपेक्षा जास्त आणि कोणत्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त डोस लागता कामा नये. तुमच्या-आमच्यासारख्या सामान्य माणसासाठी ही मर्यादा वर्षाला १ मिलिसीव्हर्ट. छातीचा साधा एक्स-रे काढला तर ०.१ किंवा त्याहूनही कमी लागतो. यावरून वाचकांनी अंदाज बांधावा. अणुवीज केंद्रातल्या हंगामी, कंत्राटी कामगारासाठी मात्र वर्षाला १५ मिलिसीव्हर्टची वेगळी, कमी मर्यादा धरली जाते.

कमी मर्यादा म्हटल्यावर वाटेल, किती ही दया! पण दयेचा हिशेब वरून करायचा नसतो, खालून करायचा असतो. कायम कामगाराचा डोस वाढला तर त्याला दुसऱ्या विभागात बसवतात आणि त्याचा पगार चालू राहतो. कंत्राटी कामगाराचा 'डोस भरला' की त्याची हजेरी बंद. उद्यापासून येऊ नको. त्याच्या जागी नाक्यावरून दुसरा आणता येतो. काम तेच, किरण तेवढेच, फक्त ते दहा गरिबांच्या अंगावर वाटून टाकायचे. प्रत्येकाचा आकडा लहान, प्रत्येकाची फाईल स्वच्छ! आणि दहाही जण घरी गेले की त्यांच्या पुढच्या तीस वर्षांचे काय झाले, हे विचारायला कुणी नाही.

अणुभट्टीत कुणी जात विचारत नाही, असे आम्हाला ऐकवले जाते. बरोबर आहे. तिथे जात विचारावी लागतच नाही. ती ठेकेदाराच्या यादीत आपोआप उतरते. तारापूरची भट्टी १९६९ साली सुरू झाली. पुढे तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवली गेली. झारखंडात जादुगोड्याची युरेनियम खाण १९६० च्या दशकापासून आदिवासींच्या जमिनीवर चालते. जमीन कुणाची गेली, झाडू-फडके घेऊन आत कोण गेले आणि काचेच्या खोलीत आकडे वाचत कोण बसले, हे या देशात वेगळे सांगायला हवे का? आणि १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर दिल्लीला गेलेला सांकेतिक निरोप 'बुद्ध हसला' असा होता म्हणतात! ज्याने करुणा शिकवली, त्याचे नाव बॉम्बला. बिल्ला मात्र बुद्धाच्या लेकरांच्या छातीवर!

बिल्ला काढून ठेवणारा कामगार

आता एक कडू गोष्ट. पुष्कळ कामगार बिल्ला स्वतःच काढून ठेवतात. कुणी खुंटीला लावतो, तर कुणी जेवणाच्या डब्यात ठेवतो. काही ठिकाणी सुपरवायझरच बिल्ले गोळा करून ड्रॉवरमध्ये ठेवतो आणि 'कामाच्या वेळी पडून हरवतात' असे सांगतो. शिकलेली मंडळी म्हणतात, बघा, अडाणी माणसे, यांना स्वतःच्या जिवाची किंमत नाही. आम्ही म्हणतो, यांना किंमत नेमकी कळते. नोंद वाढली की रोजी बंद होते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. जो कागद पोटावर पाय देतो, त्या कागदात आपले नाव कोण येऊ देईल?

हे फक्त आपल्याकडचे नाही. जपानमध्ये २०११ साली फुकुशिमाच्या भट्ट्या वितळल्या. त्यानंतरच्या साफसफाईला ठेकेदार, त्याखाली पोटठेकेदार, त्याखाली आणखी पोटठेकेदार अशी उतरंड लागली. ओसाकाच्या मजूरवस्तीतल्या एका माणसाला दुसऱ्या जिल्ह्यात ट्रक चालवायचे काम सांगून प्रत्यक्षात फुकुशिमात नेले, हे त्याच वर्षी उघड झाले. डिसेंबर २०११ मध्ये तर एका पोटठेकेदाराच्या अधिकाऱ्याने कामगारांना डोसमापकावर शिशाचे झाकण बसवायला लावले. हेतू हा की आकडा कमी दिसावा आणि माणसे जास्त दिवस वापरता यावीत. ही गोष्ट बाहेर यायला जुलै २०१२ उजाडले. जपानसारख्या शिस्तीच्या देशात, जिथे १९७७ पासून अणुकामगारांच्या डोसची मध्यवर्ती नोंद आहे आणि प्रत्येकाच्या नावाची पुस्तिका असते, तिथे हे घडले.

पण जपानचीच दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तिथे १९७६ पासून रक्ताच्या कर्करोगाबाबत एक निकष ठरलेला आहे. वर्षाला सरासरी ५ मिलिसीव्हर्ट इतका डोस लागलेला असेल आणि कामाला लागून वर्ष उलटल्यावर आजार झाला असेल, तर तो कामातून झालेला आजार मानण्याचा मार्ग खुला होतो. त्याच आधारावर ऑक्टोबर २०१५ मध्ये फुकुशिमात राबलेल्या एका कामगाराचा रक्ताचा कर्करोग सरकारने कामाशी जोडलेला म्हणून मान्य केला. त्याचा डोस फार मोठा नव्हता. पण तो नोंदलेला होता आणि ती नोंद त्याच्या बाजूने वापरता आली. एकच कागद एका हातात फास होतो, दुसऱ्या हातात ढाल होतो. प्रश्न कागदाचा नाही, कागद कुणाच्या हातात हा आहे.

गुपित कुणापासून?

आपल्या देशात अणुखात्याचा जन्मच गुप्ततेत झाला. १९४८ साली संविधान सभेत अणुऊर्जेचे विधेयक आले, तेव्हा एस. व्ही. कृष्णमूर्ती राव या सदस्याने विचारले होते की इंग्लंडमध्ये संरक्षणाच्या कामापुरती गुप्तता आहे, मग आपल्याकडे शांततेच्या संशोधनावरही एवढा पडदा कशाला? त्या पडद्याचेच पुढे १९६२ च्या अणुऊर्जा कायद्यात कलम १८ झाले आणि माहिती उघड करण्यावर बंदी घालण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे ठेवला. बॉम्ब कसा बनतो हे गुपित राहू द्या, आमची हरकत नाही. पण झाडूवाल्याच्या अंगात किती किरण गेले, हे राष्ट्राचे गुपित कसे?

२००० साली सरकारने भाभा अणुसंशोधन केंद्राचे प्रकल्प नियामक मंडळाच्या देखरेखीतून काढून घेतले. २१ जानेवारी २००३ रोजी कल्पाक्कमच्या पुनर्प्रक्रिया प्रकल्पात एक व्हॉल्व्ह निकामी झाला. जिथे सौम्य कचरा असायचा, तिथे अतिकिरणोत्सर्गी द्रव आला. तिथे धोका सांगणारे यंत्र नव्हते. सहा कामगार नमुना घ्यायला गेले आणि वार्षिक मर्यादेच्या कितीतरी पट डोस घेऊन परत आले. आपण कशात उभे होतो, हे त्यांना नंतर कळले. आवाज उठवला तो कामगार संघटनेने. देशाला ही गोष्ट समजायला त्या वर्षीचा पावसाळा उजाडला. संघटना नसती तर? ते सहा कायम नोकरीतले नसते, ठेकेदाराचे असते तर?

उलट नोंद वेळेवर वाचली तर काय होते, तेही पाहा. नोव्हेंबर २००९ मध्ये कर्नाटकातल्या कैगा प्रकल्पात पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिशियमयुक्त जड पाणी मिसळलेले निघाले. पन्नासहून अधिक कामगारांच्या शरीरात ट्रिशियम गेले होते. हे कशावरून कळले? कामगारांच्या लघवीच्या नेहमीच्या तपासणीवरून! आकडे नेमाने घेतले, ते कुणीतरी वाचले, म्हणून कूलर सापडला. ज्या दिवशी कामगारालाही आपला आकडा वाचता येईल, त्या दिवशी असे कूलर आणखी लवकर सापडतील.

मग गोपनीयता नको का?

इथे आमच्याच चळवळीतले काही मित्र चटकन म्हणतील, सगळ्या कामगारांची नावे आणि डोस फळ्यावर लावा, होऊन जाऊ दे उघड! मित्रहो, जरा थांबा. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्या माणसांचे जपानमध्ये काय झाले? त्यांना लग्नाला स्थळे मिळेनात, नोकरीच्या मुलाखतीत अडवले गेले, पोरांबाळांवर संशय घेतला गेला. अनेकांनी आपण त्या शहरातले आहोत, हेच आयुष्यभर लपवले. बॉम्ब त्यांनी टाकला नव्हता, त्यांच्यावर पडला होता. तरी विटाळ त्यांनाच!

कलंक माणसाला कसा चिकटतो आणि पिढ्यान्‌पिढ्या कसा सुटत नाही, हे आम्हाला पुस्तकातून शिकायची गरज नाही. ज्या समाजाने सावलीचा विटाळ मानला, तो समाज किरणांचा विटाळ मानायला किती वेळ लावील? उद्या यादी लागली की 'त्या वस्तीतली पोरगी नको, बाप भट्टीत होता' असे सुरू होईल. ठेकेदार यादी पाहून म्हणेल, याचा डोस जास्त आहे, याला घेऊ नका. विमा कंपनी म्हणेल, याला विमा नको. म्हणून नावानिशी नोंद ही खासगीच असली पाहिजे, यात आमच्या मनात शंका नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरवला. तो हक्क बंगल्यात राहणाऱ्याइतकाच झोपडीत राहणाऱ्याचाही आहे.

पण हक्क कुणाचा? माणसाचा. कार्यालयाचा नव्हे. गोपनीयता ही कामगाराच्या दाराची आतली कडी आहे. ती त्याने लावायची, त्याने काढायची. आज झाले आहे उलटे. कडी बाहेरून लागली आहे आणि किल्ली साहेबाकडे. ज्याच्यापासून आकडा लपला पाहिजे, त्या मुकादमाला तो आधी कळतो, कारण कुणाची हजेरी बंद करायची हे त्याला ठरवायचे असते. ज्याला कळला पाहिजे, तो रुग्णालयाच्या बाकावर बसून डॉक्टरांना म्हणतो, "ठाऊक नाही साहेब."

यात आता नव्या कायद्याची भर पडली आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(जे) मध्ये वैयक्तिक माहिती नाकारताना ती उघड केल्याने खासगीपणावर विनाकारण आक्रमण होते का आणि व्यापक जनहित आहे का, हे पाहावे लागत असे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ते कलम कापून 'वैयक्तिक माहिती' एवढाच शब्द ठेवला आणि १४ नोव्हेंबर २०२५ पासून हा बदल लागू झाला. जनहितासाठी माहिती देण्याची कलम ८(२) ची खिडकी अजून शिल्लक आहे, हे कार्यकर्त्यांनी विसरू नये. पण बाबूला नकार देणे आता सोपे झाले आहे. त्याच कायद्याने माणसाला स्वतःची माहिती मागण्याचा आणि आपल्यामागे तो हक्क कुणी वापरावा हे नेमून ठेवण्याचा अधिकार दिला आहे. तो मात्र नियम आल्यावर अठरा महिन्यांनी लागू व्हायचा, असे ठरवले. नकाराचे कलम त्याच दिवशी, अधिकाराचे कलम दीड वर्षाने! व्यवस्थेची घाई कुठे असते आणि सवड कुठे असते, ते पाहा.

नियमात काय आहे, हेही लोकांना सांगितले पाहिजे. किरणोत्सर्ग संरक्षणाचे २००४ चे नियम मालकाला सांगतात की कामगाराला कामावर घेण्यापूर्वी त्याच्या आधीच्या मालकाकडून डोसची नोंद मागवा आणि तो दुसरीकडे गेला तर नव्या मालकाने मागितल्यास ती द्या. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे मानक याहून स्पष्ट आहे. कामगाराला स्वतःची नोंद पाहता आली पाहिजे, तिची गुप्तता राखली पाहिजे आणि काम सुटल्यावरही ती किमान तीस वर्षे आणि तो पंचाहत्तर वर्षांचा होईपर्यंत जपली पाहिजे. म्हणजे मालक ते मालक हा रस्ता आपल्याकडे बांधलेला आहे. मालक ते कामगार हा रस्ता कागदावर असला तरी ठेकेदाराच्या माणसापर्यंत तो पोचत नाही. आणि मालक ते कामगाराची विधवा हा रस्ता तर आम्हाला कुठे दिसला नाही.

ज्यांची नोंदच नाही

ज्यांना निदान बिल्ला तरी मिळाला, त्यांची गोष्ट झाली. ज्यांना तोही नाही, त्यांचे काय? एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात कोबाल्ट-६० फुटले. दिल्ली विद्यापीठाने वर्षानुवर्षे पडून असलेले यंत्र लिलावात भंगार म्हणून विकले होते. उच्चविद्याविभूषित प्राध्यापकांच्या विद्यापीठाने! भंगार फोडणाऱ्या मजुरांनी ते हातांनी फोडले. एक जण मेला, इतर अनेकांना रुग्णालयात ठेवावे लागले. त्यांच्या छातीवर बिल्ला नव्हता. कोणत्याही नोंदवहीत ते 'किरणोत्सर्ग कामगार' नव्हते. ते फक्त भंगारवाले होते.

रुग्णालयांच्या एक्स-रे खोलीत पाहा. टेक्निशियनला बिल्ला असतो. पण रडणारे मूल, हलणारा म्हातारा धरून ठेवायला ज्या मावशीला, ज्या वॉर्डबॉयला आत बोलावतात, त्याला बिल्ला असतो का? आमच्या वाचकांपैकी कितीतरी जण ही कामे करतात. त्यांनी उद्या कामावर जाऊन हा प्रश्न विचारावा.

नोंद न करणे ही या व्यवस्थेची जुनी कला आहे. २०२१ साली केंद्र सरकारने संसदेत सांगितले की हाताने मैला वाहण्याच्या कामामुळे एकही मृत्यू झाल्याची नोंद नाही. त्याच काळात गटारात आणि सेप्टिक टाकीत आमची माणसे गुदमरून मरतच होती. ते मृत्यू वेगळ्या रकान्यात टाकले की मैला वाहण्याचा रकाना कोरा! शब्द बदलला की माणूस गायब. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासूनच्या अशा मृत्यूंना दहा लाखांची भरपाई ठरवली आणि २०२३ साली ती तीस लाखांवर नेली. तरीही घरच्यांना सर्वांत आधी सिद्ध काय करावे लागते? तो त्या दिवशी त्या गटारात कामावर होता, हे! हजेरीचा कागद कुणाकडे? ठेकेदाराकडे. गटार असो की अणुभट्टी, उतरणारा तोच आणि वही लिहिणाराही तोच.

बाबासाहेबांचे खाते

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते, हे आपण जयंतीला भाषणात सांगतो. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले. कामगार कोणत्या हवेत राबतो आणि कुठे राहतो, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले. पुढच्याच महिन्यात खाण कामगारांच्या कल्याणनिधीचा वटहुकूम निघाला. फाईल वाचून ते थांबले नाहीत. फाईलमध्ये नसलेला माणूस पाहायला ते जमिनीखाली गेले. त्यांच्या अनुयायांनी निदान फाईल तरी मागायला नको का?

न्यायालयाचा आधारही आपल्या बाजूला आहे. १९९५ साली ॲस्बेस्टॉसच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा कलम २१ खालचा जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. प्रत्येक कामगाराची आरोग्य-नोंद नोकरी लागल्यापासून किमान चाळीस वर्षे किंवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षे, यातले जे नंतरचे असेल तोपर्यंत जपण्याचा आदेश दिला. धुळीने सडणाऱ्या फुफ्फुसाला जो न्याय, तो किरणांनी पोळलेल्या रक्ताला का नको?

आणि नोंदी एकत्र केल्या, नावे झाकून संशोधकांना दिल्या, तर काय हाती लागते? अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स या तीन देशांनी तीन लाखांहून अधिक अणुकामगारांच्या नोंदी जोडल्या. २०१५ आणि २०२३ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षानुवर्षे लागलेला थोडा थोडा डोसही कर्करोगाने मरण्याचा धोका वाढवतो, असे त्यातून दिसले. त्याआधी पंधरा देशांच्या चार लाखांहून अधिक कामगारांचा असाच अभ्यास झाला होता. त्या पंधरांत जपान होता, दक्षिण कोरिया होता, लिथुआनियासारखा छोटा देशही होता. भारत नव्हता. १९६९ पासून अणुवीज बनवणाऱ्या देशाचे कामगार जगाच्या त्या हिशेबात नाहीत. आमची माणसे गावाच्या वेशीबाहेर होती, आता विज्ञानाच्याही वेशीबाहेर!

अमेरिकेने २००० साली अण्वस्त्र कारखान्यांच्या कामगारांसाठी भरपाईचा कायदा केला. त्यात एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. जिथे जुन्या नोंदी अपुऱ्या आहेत आणि डोस काढताच येत नाही, तिथे त्या गटातल्या कामगाराला ठरावीक कर्करोग झाला तर तो कामामुळेच झाला असे धरून भरपाई देता येते. म्हणजे कागद हरवल्याची शिक्षा ज्याने हरवला त्याला, कामगाराला नाही. आमच्याकडे हे तत्त्व आले तर कपाटातले कागद किती लवकर सापडू लागतील!

हा प्रश्न आत्ताच का? डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने 'शांती' नावाचा नवा अणुऊर्जा कायदा मंजूर केला. १९६२ चा कायदा मोडीत काढून खासगी कंपन्यांना या क्षेत्राचे दार उघडले. माहितीवर पडदा टाकण्याचा सरकारचा अधिकार मात्र नव्या कायद्यातही कायम आहे. उद्या भट्टी कंपनीची, काम ठेकेदाराचे, माणूस पोटठेकेदाराचा आणि वर गुप्ततेचे कुलूप. सरकारी खात्यात निदान संघटना होती, जिने कल्पाक्कमला आवाज उठवला. पोटठेकेदाराच्या माणसाचा आवाज कोण?

आमच्या मागण्या

चळवळीने, कामगार संघटनांनी आणि आमच्या निवडून गेलेल्या प्रतिनिधींनी या मागण्या हातात घ्याव्यात.

१) किरणोत्सर्गाजवळ काम करणाऱ्या प्रत्येकाला, मग तो कायम असो, कंत्राटी असो की एका दिवसाचा, त्याच्या भाषेतली डोसपुस्तिका मिळावी. ती त्याच्याच ताब्यात राहावी. काम सुटताना एकूण डोसचा सहीशिक्क्याचा दाखला न मागता द्यावा.

२) डोस भरला म्हणून कुणाची रोजी बंद होऊ नये. मर्यादा गाठली तर दुसरे काम द्यावे, ते नसेल तर मजुरी चालू ठेवावी. ही एक मागणी मान्य झाली तर बिल्ले ड्रॉवरमधून आपोआप छातीवर येतील.

३) नावानिशी नोंद फक्त कामगार, त्याचा डॉक्टर, त्याने नेमलेला प्रतिनिधी आणि त्याच्या पश्चात वारस यांनाच मिळावी. नव्या मालकाला डोसचा आकडा मिळावा, त्याच्या आजारांची फाईल नको. मुकादमाला तर काहीच नको.

४) नावे काढून दरवर्षी प्रत्येक प्रकल्पाचे एकूण आकडे जाहीर व्हावेत, कायम आणि कंत्राटी कामगारांचे वेगळे. एकूण डोसपैकी किती कुणाच्या वाट्याला गेला आणि ते कोणत्या समाजघटकातून आले, हे देशाला कळू द्या. आकड्याने कुणाची बदनामी होत नाही, व्यवस्थेची मात्र होते!

५) जादा डोस निघाल्यावर तो माणसाला लागला की नुसत्या बिल्ल्याला, याची चौकशी होते. त्या चौकशीत कामगाराचा माणूस बसलाच पाहिजे. नोंद सापडत नसेल तर सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची असावी.

त्या पिशवीवाल्या माणसाला आम्ही पुन्हा अर्ज लिहून दिला आहे. या वेळी पहिल्याच ओळीत लिहिले की मी ही माहिती दुसऱ्या कुणाची मागत नाही, माझ्या स्वतःच्या शरीराची मागतो आहे. अपिलाची तारीख आली की आम्ही दोघेतिघे त्याच्याबरोबर जाणार आहोत. वाचकांपैकी ज्यांनी कधी छातीवर तो बिल्ला लावला असेल, त्यांनी आपले जुने गेटपास, हजेरीचे तुकडे, जे असेल ते सांभाळून ठेवावे, टाकू नये. आपापल्या विहारात एक दिवस त्यासाठी बसावे. कोण कुठे, किती वर्षे, कुणाच्या हाताखाली राबला, एवढे तरी एका वहीत उतरवावे. ती वही आपल्याच ताब्यात राहील आणि ती कुणाला दाखवायची, हे आपणच ठरवू.

शिक्षण म्हणजे अक्षर वाचता येणे. आमच्या बापजाद्यांना अक्षर नाकारले होते. आम्हाला अक्षर मिळाले, पण आमच्याच अंगावर लिहिलेला आकडा वाचायला आजही बंदी आहे. तो आकडा वाचू, संघटित होऊन मागू, नाही दिला तर त्यासाठी संघर्ष करू.

जयभीम!